ऑटोमॅटिक गिअरचे दुखणे आणि त्याचे निदान

नागपूरहून उत्तरेकडे निघणाऱ्या दोन रस्त्यांवर पांढुर्णा आणि सौंसर ही दोन गावे वसलेली आहेत. एक रस्ता पांढुर्ण्यावरून मुलताई, बैतूल करीत भोपाळकडे जातो. दुसरा सौंसरवरून पुढे सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्यास पोहोचतो. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात ही दोन्ही गावे येतात. राज्य मध्य प्रदेशाचे असले, तरी घरोघरची बोली मराठी आणि शेतातले पीक संत्र्याचे. या रस्त्यांनी बैलगाडी पाहिली, मालमोटार पाहिली, जीप पाहिली. आता त्याच रस्त्यांवर उंच बांध्याच्या, चारी चाकांना जोर पुरविणाऱ्या, भारी किमतीच्या मोटारीही धावताना दिसतात. त्यांना एसयूव्ही म्हणण्याची रीत पडली आहे. त्यांतील काही नव्या असतात. काही पुण्या-मुंबईकडे चारदोन वर्षे फिरून, किंमत बरीच उतरल्यावर इकडे आलेल्या असतात.

या मोटारींत क्लचचे पेडल नसते. चालकाने दांडी ‘डी’वर ठेवावी आणि पाय ॲक्सिलरेटरवर ठेवावा, गिअर बदलण्याचे काम गाडी स्वतः करते. सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु ज्या यंत्राचे काम डोळ्यांना दिसत नाही आणि हातांना जाणवत नाही, त्याचे दुखणेही चटकन कळत नाही. आणि दुखणे न कळता केलेला उपचार हा पैशाचा नाश होय. मग तो उपचार माणसावर असो, बैलावर असो, की मोटारीवर असो.

समजा, सौंसरजवळचा एक बागाईतदार कुटुंबासह छिंदवाड्यास निघाला आहे. वैशाखाची दुपार आहे. सिल्लेवानीच्या घाटात निम्म्या चढावर एक झटका बसतो, समोरच्या फलकावर गिअरबॉक्स बिघडल्याची सूचना उमटते, आणि गाडी एकाच गिअरात अडकून कण्हत कण्हत चढू लागते. कसेबसे घर गाठल्यावर दुसऱ्या दिवशी कोणीतरी जाणकार सांगतो, “गिअरबॉक्स गेला, नवा टाकावा लागेल.” नव्या गिअरबॉक्सची किंमत लाखांत मोजावी लागते, म्हणजे बागेच्या एका बहाराची कमाई एका पेटीत जाते. आता प्रश्न असा की, गिअरबॉक्स खरोखरच गेला आहे काय? पुष्कळदा तो गेलेला नसतो. बॅटरी अशक्त असते, तेल कमी झालेले असते, किंवा एखादी तार उंदराने कुरतडलेली असते. हे ओळखावे कसे, याचाच येथे विचार करावयाचा आहे.

त्यासाठी प्रथम हे यंत्र चालते कसे, ते थोडक्यात समजून घेतले पाहिजे. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवावेत आणि त्यांतील एकच सुरू करावा. त्याच्या वाऱ्याने दुसरा पंखाही हळूहळू फिरू लागतो. वाऱ्याऐवजी तेल घेतले आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात बसविले, की इंजिन आणि चाके यांच्यामध्ये एक मऊ सांधा तयार होतो. गाडी उभी असताना इंजिन चालू राहू शकते, कारण तेल नुसते घुसळले जाते. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली या तत्त्वाचे पेटंट घेतले. त्याच्या डोळ्यांसमोर तेव्हा मोटार नव्हती, जहाज होते. दोन पंख्यांमध्ये तेलाची दिशा वळविणारा तिसरा पंखा बसविला, म्हणजे गाडी जागची हलताना इंजिनाचा फिरविण्याचा जोर सुमारे दुपटीपर्यंत वाढतो. यालाच टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. पुढे वेग आला की तेलातली ही घसर वाया जाऊ लागते. म्हणून आतील एक लहानसा क्लच दोन्ही पंखे एकत्र बांधून टाकतो. त्याचे नाव लॉक-अप क्लच. या क्लचचे नाव ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याची गाठ पडणार आहे.

कन्व्हर्टरच्या मागे दंतचक्रांचे संच असतात. मध्ये एक चक्र, त्याभोवती फिरणारी लहान चक्रे आणि सर्वांना वेढणारे कडे, अशी ही रचना सूर्य आणि ग्रह यांच्यासारखी दिसते. यांतील कोणता भाग धरून ठेवावा आणि कोणता सोडावा, यावर गिअर ठरतो. धरण्या-सोडण्याचे काम तेलाच्या दाबाने दाबल्या जाणाऱ्या क्लचच्या चकत्या करतात. तो दाब इंजिनाबरोबर फिरणारा एक पंप निर्माण करतो. दाब कोठे द्यावा हे विजेवर उघडझाप करणाऱ्या बारीक झडपा, म्हणजे सोलेनॉइड, ठरवितात. आणि त्या झडपांना आज्ञा देतो तो गिअरबॉक्सचा स्वतंत्र संगणक. म्हणजे या पेटीत चार खाती आहेत: दंतचक्रांचे, क्लचचे, तेलाचे आणि विजेचे. बिघाड कोणत्या खात्यातला आहे, हे ठरविणे म्हणजेच निदान.

सामान्य मोटारगाडीत असा पूर्ण स्वयंचलित गिअर मोठ्या प्रमाणावर प्रथम आला तो अमेरिकेत; १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी जनरल मोटर्सने १९३९ मध्ये हायड्रामॅटिक हा चार गिअरांचा संच पुढे आणला. आजच्या उंची गाड्यांत आठ, नऊ, क्वचित दहाही गिअर असतात. बीएमडब्ल्यूची एक्स-५ आणि रेंज रोव्हर या वेगवेगळ्या घराण्यांच्या गाड्या, पण दोहोंतही जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा आठ गिअरांचा संच आढळतो. ही कंपनी १९१५ साली झेपेलिन विमाननौकांसाठी दंतचक्रे बनविण्याकरिता स्थापन झाली आणि तिचा आठ गिअरांचा संच २००९ पासून गाड्यांत बसू लागला. मर्सिडीझची नऊ गिअरांची रचना तिची स्वतःची आहे. नावे आणि आकडे बदलतात. तत्त्व मात्र वर सांगितले तेच.

आता लक्षणांकडे वळू. चांगला मिस्त्री पान्याला हात घालण्यापूर्वी प्रश्न विचारतो.

“भाऊ, झटका गाडी थंड असताना बसतो की तापल्यावर?”

“तापल्यावर. सकाळी गाडी लोण्यासारखी चालते.”

“चढावर की सपाटीवर? एकाच गिअरात की सगळ्या?”

ही चौकशी वेळकाढूपणाची वाटेल. पण निदानाचा अर्धा भाग तीतच असतो. थंड असताना तेल दाट असते, तापल्यावर ते पातळ होते. पंप अशक्त असेल, एखादे सील झिजले असेल किंवा झडपेच्या खोबणीतून तेल झिरपत असेल, तर पातळ तेल निसटून दाब घटतो आणि त्रास तापल्यावरच दिसतो. उलट, सकाळी पहिल्या पाच मिनिटांत त्रास होऊन नंतर गाडी सुधारत असेल, तर तेलाची पातळी, जुने झालेले तेल किंवा ताठरलेली सीले यांकडे संशयाची सुई वळते.

लक्षणे मुख्यतः चार प्रकारची. पहिले लक्षण विलंबाचे. दांडी ‘डी’ किंवा ‘आर’वर टाकल्यानंतर साधारण एका सेकंदाच्या आत गाडीने पकड घेतली पाहिजे. दोन-तीन सेकंद ती विचार करीत उभी राहिली आणि मग धाडकन पकड घेतली, तर क्लच भरण्यास तेल पुरेसे मिळत नाही, असे समजावे. दुसरे लक्षण घसरण्याचे. इंजिनाचे फेरे वाढतात, आवाज वाढतो, पण गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही. हे लक्षण गंभीर. कारण घसरणारी चकती जळत असते आणि जितकी गाडी चालवावी तितकी ती अधिक जळते. तिसरे लक्षण धक्क्याचे: गिअर बदलताना पाठीत रट्टा बसल्यासारखे वाटणे. चौथे लक्षण थरथरीचे. सपाट रस्त्यावर बेताच्या वेगाने, ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असताना, चाके जणू खडबडीत पट्ट्यांवरून चालली आहेत असा भास होतो.

या थरथरीसाठी एक सोपी परीक्षा आहे. रिकाम्या, सरळ रस्त्यावर थरथर चालू असताना अनुभवी चालकाने ब्रेकच्या पेडलला, वेग न घटेल इतपत, नुसता स्पर्श करावा. बहुतेक गाड्यांत ब्रेकचा दिवा लागताच संगणक लॉक-अप क्लच सोडून देतो. थरथर त्याच क्षणी थांबली, तर दोष त्या क्लचचा किंवा त्याला न मानवणाऱ्या तेलाचा. थरथर तशीच राहिली, तर इंजिनाचा एखादा सिलिंडर नीट पेटत नाही, किंवा मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा सांधा ढिला झाला आहे, असा तर्क करावा. एका स्पर्शाने दोन मोठ्या शक्यता वेगळ्या होतात. आणि यासाठी एक पैसाही लागत नाही.

यानंतर पाळी येते संगणकाची. गाडीतील संगणक जे दोष टिपून ठेवतो, त्यांना संकेतांक असतात आणि स्टिअरिंगखालच्या खोबणीत वाचक यंत्र जोडून ते वाचता येतात. परंतु येथेच सर्वांत अधिक चुका होतात. बाजारात स्वस्तात मिळणारे लहान वाचक यंत्र पुष्कळदा केवळ इंजिनाच्या संगणकाशी बोलते आणि ‘पी ०७००’ एवढाच संकेतांक दाखविते. त्याचा अर्थ ‘गिअरबॉक्स गेला’ असा मुळीच नाही. ‘गिअरबॉक्सच्या संगणकाला काही सांगावयाचे आहे, त्याला विचारा,’ एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा त्या संगणकाशी बोलू शकणारे यंत्र जोडून पुढचे संकेतांक वाचले पाहिजेत.

पुढचे संकेतांकही साक्षीदाराप्रमाणे ऐकावयाचे. न्यायाधीशाचा निकाल म्हणून नव्हे. ‘पी ०७३०’ म्हणजे गिअरचे गुणोत्तर जुळत नाही. हे गुणोत्तर संगणकाला कळते कसे? गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या दांड्यांचे फेरे मोजणारे दोन संवेदक असतात. झेडएफच्या आठ गिअरांच्या संचात सहाव्या गिअरचे गुणोत्तर बरोबर १ असते. म्हणजे आत २,००० फेरे शिरले तर बाहेरही २,००० निघाले पाहिजेत. पहिल्या गिअरचे गुणोत्तर सुमारे ४.७; तेथे २,००० फेऱ्यांचे साधारण ४२५ व्हावेत. सहाव्या गिअरात आत २,००० आणि बाहेर १,८५० दिसले, तर १५० फेऱ्यांचा हिशेब लागत नाही. हे फेरे चकत्यांच्या घसरण्यात गेले असतील. किंवा मोजणारा संवेदकच खोटे सांगत असेल. चालकाला गाडी घसरल्याचे मुळीच जाणवत नसताना आकडा मात्र उड्या मारीत असेल, तर दोष बहुधा संवेदकाचा किंवा त्याच्या तारेचा असतो. इंजिनाचा आवाज आणि आकडा दोन्ही एकच गोष्ट सांगत असतील, तर क्लचकडे पाहावे. ‘पी ०७४१’ हा लॉक-अप क्लचविषयीचा आणि ‘पी ०७१५’ हा आत शिरणाऱ्या फेऱ्यांच्या संवेदकाविषयीचा संकेतांक. प्रत्येकाच्या मागे तीन-चार कारणे असू शकतात.

आणखी एक गोष्ट. संकेतांक पुसून ‘बघू पुन्हा येतो का’ असे म्हणण्याची खोड अनेकांना असते. पुसण्यापूर्वी प्रत्येक संकेतांक, त्या वेळचे तेलाचे तापमान, वेग आणि बॅटरीचा दाब कागदावर उतरवून ठेवला पाहिजे. पंचनाम्यापूर्वी घटनास्थळ धुऊन काढण्यासारखा तो प्रकार आहे. मागून शोध करणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही.

दोष कोणत्या गिअरांत दिसतो, यावरून आतील नेमका क्लच ओळखता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. झेडएफच्या या संचात पकडणारे भाग पाचच: ए आणि बी हे दोन ब्रेक, आणि सी, डी, ई हे तीन क्लच. प्रत्येक गिअरात या पाचांपैकी तीन पकडलेले आणि दोन सोडलेले असतात. पहिल्या गिअरात ए, बी, सी. दुसऱ्यात ए, बी, ई. तिसऱ्यात बी, सी, ई. चौथ्यात बी, डी, ई. पाचव्यात बी, सी, डी. सहाव्यात सी, डी, ई. सातव्यात ए, सी, डी. आठव्यात ए, डी, ई. आणि मागच्या गिअरात ए, बी, डी. आता समजा, गाडी पहिल्या तीन गिअरांत उत्तम चालते. पण चौथ्यापासून पुढे घसरते आणि मागेही नीट जात नाही. कोष्टक पाहावे: चौथ्यापासून आठव्यापर्यंत आणि मागच्या गिअरात समान असलेला भाग एकच, तो डी. मग संशय डी क्लचवर, त्याच्या सीलावर किंवा त्याला तेल सोडणाऱ्या झडपेवर येतो. उलट सर्वच गिअर सारखेच घसरत असतील, तर पाचही क्लच एकाच दिवशी जळाले असे मानण्यापेक्षा सर्वांना लागणारी गोष्ट कमी पडली आहे, असे मानणे सयुक्तिक. आणि ती गोष्ट म्हणजे तेल. शाळेतला मुलगा समान अवयव काढतो, त्याहून हे गणित अवघड नाही.

तेलाविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण या भागातील उन्हाचा सर्वांत मोठा मार त्यालाच बसतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील तेल चार कामे करते: जोर वाहून नेते, क्लच दाबते, दंतचक्रांना वंगण पुरविते आणि उष्णता बाहेर काढते. एरवी ते ८० ते १०० अंश तापमानात काम करते. नागपूर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात उन्हाळ्यात बाहेरची हवाच ४५ अंशांच्या घरात जाते. त्यात घाटाचा चढ, गाडीत सात माणसे आणि वर सामान, अशा वेळी तापमान बरेच वर चढते. तेल १० अंशांनी अधिक तापले की ते बिघडण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, असा एक ठोकताळा आहे. काही मोटारकंपन्या हे तेल गाडीच्या आयुष्यभरासाठी भरलेले असल्याचे सांगतात. परंतु खुद्द गिअरबॉक्स बनविणारी झेडएफ कंपनी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरनंतर, किंवा आठ वर्षांनी, तेल बदलण्याची शिफारस करते. दोघांपैकी कोणाचे ऐकावे, हे घाटातून गाडी चालविणाऱ्याला निराळे सांगण्याची गरज नाही. तेलाबरोबर फिल्टरही बदलावा लागतो. या संचात तो तळाच्या प्लास्टिकच्या पात्रातच घडविलेला असल्याने पात्रासह बदलतात.

जुन्या गाड्यांत तेल पाहण्यास डिपस्टिक असे. आजच्या पुष्कळ उंची गाड्यांत ती नसते. गाडी समतल उचलून, इंजिन चालू ठेवून, तेलाचे तापमान सुमारे ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असताना बाजूचे बूच उघडावे. तेलाची बारीक धार लागली तर पातळी योग्य. हे तापमान पाळले नाही, तर मोज चुकते, कारण तेल तापल्यावर फुगते. पेटी फार तापलेली असताना पातळी पाहिली, तर कमी तेलही पुरेसे वाटते, आणि असे कमी भरलेले गिअरबॉक्स पुढे महिन्या-दोन महिन्यांत घसरू लागतात. तेल कोणतेही चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. प्रत्येक संचासाठी ठरलेले तेल असते. चकत्यांनी किती सहज घसरावे आणि किती घट्ट धरावे, हे त्या तेलातील द्रव्यांवर अवलंबून असते. दुसरे तेल घातल्यास चांगला क्लचही थरथरू लागतो.

काढलेले तेलही बोलते. जळका वास आणि काळा रंग म्हणजे चकत्या जळाल्याची खूण. दुधाळ रंग म्हणजे तेलात पाणी शिरले. ते एक तर रेडिएटरजवळच्या तेल थंड करणाऱ्या नळ्यांतून, नाही तर पावसाळ्यात नाला ओलांडताना पेटीच्या श्वासनळीतून आलेले असते. तापलेली पेटी एकाएकी गार पाण्यात शिरली की आतली हवा आकसते आणि बाहेरचे पाणी ओढले जाते. तळाच्या लोहचुंबकावर करडी, पिठासारखी पूड दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. ती नेहमीची झीज. चकाकणारे तुकडे आणि कपच्या दिसल्या, तर मात्र आतील चक्र किंवा बेअरिंग तुटू लागले आहे, आणि तेव्हा पेटी उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

याशिवाय काही सोंगे घेणारी दुखणी आहेत. बॅटरी हे त्यांतले पहिले. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीचा दाब १२.४ व्होल्टच्या बराच खाली असेल, तर इंजिन सुरू होताना तो आणखी कोसळतो आणि संगणक गोंधळून गिअरबॉक्सच्या नावाने दोष टिपतो. उष्ण प्रदेशात बॅटऱ्या लवकर म्हाताऱ्या होतात. दुसरे सोंग टायरांचे. चारी चाकांना सतत जोर देणाऱ्या गाडीत दोन टायर नवे आणि दोन झिजलेले असतील, तर चाकांचे घेर जुळत नाहीत. पुढची आणि मागची चाके परस्परांशी भांडतात आणि चालकाला गिअर अडखळल्यासारखा वाटतो. तिसरे सोंग इंजिनाखालच्या रबरी आधारांचे. ते फाटले की इंजिन डोलते आणि प्रत्येक गिअरबदल धक्क्यासारखा लागतो. चौथे उंदरांचे. गोठ्याशेजारी किंवा बागेतल्या खोलीत ठेवलेल्या गाडीच्या तारा त्यांना प्रिय असतात. कुरतडलेली तार कधी जोडते, कधी तुटते. म्हणून असा दोष आज येतो, उद्या नाहीसा होतो आणि गॅरेजात तर हटकून दिसत नाही.

एवढे सारे पाहिल्यावर निदानाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम मालकाची हकीकत ऐकावी आणि त्याला शेजारी बसवून गाडी थंड व गरम अशा दोन्ही अवस्थांत चालवून पाहावी. मग बॅटरी आणि तिच्या तारा तपासाव्यात. मग सर्व संगणकांचे संकेतांक वाचून लिहून घ्यावेत. मग टायर, रबरी आधार आणि सांधे. मग तेलाची पातळी, रंग, वास. मग गाडी चालती ठेवून फेऱ्यांचे आणि तापमानाचे आकडे ताडावेत. दाब मोजण्याची सोय असेल तर मोजावा. आणि सर्वांत शेवटी पेटी उतरवावी. हा क्रम स्वस्ताकडून महागाकडे आणि न उघडता येणाऱ्या माहितीकडून उघडून मिळणाऱ्या माहितीकडे जातो. तो उलटा केला, की खर्चही उलटा होतो.

पांढुर्ण्यात किंवा सौंसरला राहणाऱ्या मालकापुढे अडचण अशी की, या गाड्यांची खास गॅरेजे नागपूरकडे. मर्सिडीझ चाकणला जुळविल्या जातात, लँड रोव्हर गाड्यांची जुळणी २०११ पासून पुण्यात होते. पण गाडी महाराष्ट्रात जुळली म्हणून सातपुड्याच्या पायथ्याशी तिचा वैद्य मिळतो असे नाही. तेव्हा गावच्या मिस्त्रीने काय करावे? वर सांगितलेल्या क्रमातील बहुतेक पायऱ्या त्याला गावातच चढता येतात. बॅटरी, टायर, तारा, गळती, थंड-गरम चालवून पाहणे, आणि चांगले वाचक यंत्र जवळ असेल तर संकेतांक. एवढे करून त्याने सारे एका कागदावर लिहून दिले, तर नागपूरच्या गॅरेजात मालक रिकाम्या हाताने जात नाही. तेथे ‘पेटी बदला’ असे सांगण्यात आले, तर त्याला शांतपणे तीन गोष्टी विचारता येतात: कोणते संकेतांक आले? तेलात काय आढळले? आणि कोणता भाग निकामी झाला, हे कशावरून ठरविले? ज्याने खरोखर निदान केले आहे, त्याला या प्रश्नांचा राग येत नाही. एखादी झडप किंवा झडपांचा संच बदलून काम भागत असेल, तर संपूर्ण पेटी बदलण्याचे कारण राहत नाही.

आता घाटात अडकलेल्या त्या कुटुंबाकडे परत येऊ. गाडी एकाच गिअरात अडकते, ती संगणकाने मुद्दाम केलेली तजवीज असते. आतील चकत्या वाचाव्यात आणि माणसे घरी पोहोचावीत, हा तिचा हेतू. मेकॅनिक तिला लिंप मोड म्हणतात. अशा वेळी जोर करून गाडी पळवू नये. सुरक्षित, रुंद जागा पाहून थांबावे, धोक्याचे दिवे लावावेत, माणसांना रस्त्याच्या कडेला उतरवावे आणि यंत्र निवू द्यावे. काही वेळाने इंजिन पुन्हा सुरू केल्यावर गिअर परत आले, तरी दुखणे बरे झाले असे समजू नये. उतारावर दांडी न्यूट्रलला टाकून गाडी सोडून देण्याचा मोह कटाक्षाने टाळावा; त्याने इंजिनाचा आवर नाहीसा होऊन सारा भार ब्रेकवर पडतो आणि ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. गाडी मुळीच चालेनाशी झाली, तर तिला दोर बांधून चाकांवर ओढत नेऊ नये. इंजिन बंद असले की तेलाचा पंप बंद असतो. चाके फिरतात, आतील चक्रे फिरतात, पण वंगण पोहोचत नाही. ज्या गिअरबॉक्समध्ये हजार रुपयांचा दोष होता, त्याला ओढत नेताना लाखाचा दोष लागतो. अशी गाडी चारी चाके वर घेणाऱ्या सपाट मालमोटारीवरूनच न्यावी.

दुसऱ्या दिवशी समजा मिस्त्रीने क्रमाने तपासणी केली. बॅटरी ठीक, टायर सारखे, तारा शाबूत. संकेतांक तापमानाचा आणि गुणोत्तराचा. तेल पाहिले तर पातळी खाली, रंग काळवंडलेला. पात्राच्या कडेने बारीक गळती. चुंबकावर केवळ पूड. म्हणजे पेटी शाबूत आहे. नवे पात्र, योग्य तेल योग्य तापमानाला भरणे, आणि संगणकाला क्लचची पकड नव्याने शिकविणे, एवढ्यावर काम भागते. या शिकण्यास थोडे दिवस लागतात आणि तोवर एखाददुसरा धक्का बसतो, हेही मालकाला आधी सांगून ठेवावे. खर्च होतो, पण तो पेलण्याजोगा असतो. आणि हीच गाडी आणखी दोन महिने तशीच घाट चढती, तर चकत्या जळून पहिल्या जाणकाराचे भाकीत खरे ठरले असते.

म्हणून गाडीने पहिला झटका दिला, त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे: तारीख, जागा, थंड की गरम, कोणता गिअर, किती वेग. चार ओळींची ही नोंद मिस्त्रीच्या हाती पडली, की त्याचा निम्मा शोध तेथेच संपतो.